वरून पाणी

पाणी वरून कसं प्यावं, याचं शिक्षण मला आजीनं मुंजीच्या आधीच दिलं होतं. मान मागे, तोंड उघडं, पेला ओठांपासून चार बोटं वर. या विद्येपायी मी आजवर तीन सदरे आणि एक कोट भिजवला.

कोट भिजला तो सोलापूरला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तिथं एका टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहीत असे. मागावरच्या एका पद्मशाली कामगारानं लेकीच्या लग्नाला बोलावलं, म्हणून गेलो. शेडपुढच्या मोकळ्या जागेत मांडव, कोपऱ्यात पिंप आणि पिंपाला साखळीनं बांधलेला एकच पेला. साखळी जेमतेम वीतभर. वाकून पेल्याला तोंड लावा, पाणी मिळतं. पेला वर न्यायला जा, साखळी ताणते आणि पाणी कोटावर. बांधणाऱ्याला फक्त पेला चोरीला जाऊ द्यायचा नव्हता; आजीच्या विद्येवर घाला घालण्याचा त्याचा हेतू नसावा.

तुम्ही म्हणाल, जंतूंचं काय? जंतू असतात, मीही मानतो. पण त्याच सकाळी नाक्यावर ज्या कपातून मी चहा प्यालो, तो अख्ख्या नाक्यानं तोंडाला लावलेला आणि बादलीतल्या एकाच पाण्यात विसळलेला होता. तेव्हा माझे जंतू झोपले होते काय?

खरं म्हणजे आमचं उष्ट्याचं शास्त्र मोठं चतुर आहे. उष्टं वरून खाली वाहतं. देवाचं उष्टं तो प्रसाद. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायचं. उलट झालं तर अब्रह्मण्यम्! लग्नात नवरदेवाला दही-मधाचा मधुपर्क देतात. उरलेला मुलाला किंवा शिष्याला द्यावा, नाहीतर सगळा आपणच संपवावा, नाहीतर निर्जन जागी ओतावा, असं पारस्कर गृह्यसूत्र सांगतं. शेजारी बसलेल्या नवरीला विचारावं, हे काही त्यात नाही. जपानात नवरा-नवरी एकाच पेल्यातून साके पितात. तीन पेले, प्रत्येकातून तीन-तीन घोट. आमच्याकडे जोडपं एकमेकांना घास भरवतं तेवढ्यापुरतं उष्टं दोन्हीकडं वाहतं, आणि त्यालाही उखाण्याची लाच द्यावी लागते.

महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं चवदार तळ्याचं पाणी प्याली. मागाहून ते तळं शेण-गोमूत्रानं ‘शुद्ध’ करण्यात आलं. जनावरांना तिथं कधी मनाई नव्हती. म्हणजे भानगड जंतूंची नव्हतीच.

तर मी कोट झटकत उभा होतो. नवरीच्या बापानं ते पाहिलं. लगबगीनं आत गेला आणि लखलखीत घासलेला एक पेला भरून दोन्ही हातांनी पुढं केला. ‘‘साहेब, हा तुमच्यासाठी वेगळा काढलाय.’’

वेगळा! आमच्या घरी मागच्या दाराच्या देवळीत एक कान तुटका कप असे. लाकडं फोडायला येणाऱ्या माणसाचा. त्यात चहा आजी वरूनच ओतायची. तो कप माणसाला खाली ठेवण्यासाठी वेगळा होता, हा पेला मला वर बसवण्यासाठी. हातात घेतल्यावर मला तरी दोन्हींचं वजन सारखंच लागलं.

माझ्या हाती पेला देऊन तो पिंपाकडं वळला, साखळीच्या पेल्याला तोंड लावून घटाघटा पाणी प्याला आणि पंगतीकडं पळाला.

मीही प्यालो. सवयीनं, वरून.