खरखर कुणाची?

चेलो म्हंजे गुडघ्यांत धरून, बसून वाजवायचं थोरलं व्हायोलिन. गजाने गोड, भरदार सूर काढावा, हीच त्याची खानदानी रीत. हेल्मुट लाखेनमान या जर्मन माणसाने १९६९-७० साली एकट्या चेलोसाठी ‘प्रेसिओन’, म्हंजे ‘दाब’, नावाची रचना लिहिली आणि ही रीत उलटीपालटी केली. यात बोटं तारांवर नुसती घासतात. गज घोडीवर फिरतो तेव्हा श्वासासारखी फुसफुस येते. गज एवढा दाबून ओढायचा, की सूर चिरडून करकर निघते. कागदावरही बहुतेक सूर नाहीतच. वाद्याचा नकाशा आहे, हात कुठे आणि कसा चालवायचा ते आहे. कामाची रीतच लिहिलेली.

गोड सुरात मेहनत लपते. ती ऐकू यावी, आवाज कशातून, किती जोराने निघाला ते कळावं, असं त्याचं म्हणणं. साचेखात्यात उभं राहणाऱ्याला हे पटकन पटतं. कापड गुळगुळीत असतं, कान आमचे जातात.

त्याचा गुरू लुइजी नोनो, इटलीचा कम्युनिस्ट. त्याने १९६४ साली जेनोवाच्या पोलाद कारखान्यातले आवाज टेप करून बाईच्या गळ्यासोबत रचना केली, तिथल्या कामगारांना अर्पण केली.

पण दोस्तांनो, एक गोष्ट घशाखाली उतरत नाय. ज्याच्या घरात गोड सूर पिढीजात, तो खरखर निवडतो आणि तिला कला म्हणतात. मेल्या ढोराच्या कातड्याची हलगी आमच्या बापजाद्यांच्या गळ्यात गावाने अडकवली. मिरवणुकीत वाजवून घेतली, देवळाबाहेर उभं केलं. तिला कुणी नवं तंत्र म्हटलं नाय. मग त्याची खरखर आणि आमची खरखर एक कशी?

मी बरेच दिवस म्हणायचो, एक नाहीच. आता वाटतं, आवाज आवाजाशी ताडून पाहणं हीच माझी चूक. बाबासाहेबांचं ऐकून ज्यांनी गावकीची हलगी खाली ठेवली, त्यांनी आपल्याकडून मागितला जाणारा आवाज नाकारला. लाखेनमाननेही तेच केलं. फरक एवढाच, की त्याला नकारापायी कुणी गावात पाणी बंद केलं नाही. हा फरक लहान नाय.

आज आपली पोरं तीच हलगी मोर्चात वाजवतात. काही जाणत्यांना ते खुपतं, आणि त्यांचं खुपणं मला खोटं वाटत नाय.

‘प्रेसिओन’मध्ये मधेच एकदा सरळ, स्वच्छ सूर येतो. एवढ्या करकरीनंतर तोच परका वाटतो.