१३० मतांचा खंड

ऑक्टोबर २००० मध्ये अख्ख्या आफ्रिका खंडातून मते पडली फक्त १३०. त्यांतली ६७ मिळवून घानाचे नी क्वेनॉर ‘आयकॅन’च्या संचालक मंडळावर निवडून आले. इंटरनेटवरील डोमेन नावांचा, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांचा, जगभरचा कारभार पाहणारी ही कॅलिफोर्नियातील संस्था तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. तिचे काही संचालक सामान्य वापरकर्त्यांनी थेट निवडण्याचा प्रयोग तेव्हा झाला, तो पहिला आणि शेवटचा.

पाच विभाग, पाच जागा, एकूण ३४,०३५ मते. एवढ्याशा मतांना जगाचा कौल कसे म्हणायचे, ही शंका रास्तच होती. मात्र मतदार वाढवण्याऐवजी मतदानच बंद झाले. उत्तर अमेरिकेतून निवडून आलेल्या कार्ल ऑरबॅक यांना तर संचालक असूनही संस्थेचे दप्तर पाहण्यासाठी कोर्टात जावे लागले. २००२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी सुधारणांच्या नावाने थेट निवडणूक गेली. तिच्या जागी आली वापरकर्त्यांच्या वतीने बोलणारी पंधरा जणांची सल्लागार समिती. पुढे, २०१० मध्ये, वापरकर्त्यांच्या या गटाला मंडळावर मताधिकाराची एक जागा मिळाली. एकच.

लोकांचे म्हणणे ऐकले जातेच असे नाही. २०१९ मध्ये स्वयंसेवी संस्था प्रामुख्याने वापरतात त्या ‘डॉट ऑर्ग’ नावांच्या शुल्कावरील कमाल मर्यादा काढण्याचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या, बहुतेक विरोधातल्या. तरीही मर्यादा उठली. त्याच वर्षी ‘डॉट ऑर्ग’ सांभाळणारी संस्थाच १.१३५ अब्ज डॉलरला एका गुंतवणूक कंपनीला विकायचे ठरले. या वेळी स्वयंसेवी संस्था एकवटल्या, कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनीही विक्रीविरुद्ध पत्र लिहिले, आणि एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने संमती नाकारली. सुटा आवाज विरून गेला. संघटित आवाजाला कायद्याचे बळ मिळाले तेव्हाच निर्णय फिरला.

मराठी माणसाचाही याच्याशी थेट संबंध आहे. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ पासून सुरू आहे. पण पत्त्यात कोणती अक्षरे चालतील, हे नियमांनी ठरते. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांतल्या ‘ऱ’ची हिंदीला गरज पडत नाही, त्याची आठवण मराठी किंवा तशीच भाषा लिहिणाराच करून देणार.

आयकॅनच्या अशा नियमांच्या मसुद्यांवर कोणालाही शुल्काविना मत नोंदवता येते. मराठीचे अभ्यासक, ग्राहक संघटना आणि तंत्रज्ञ यांनी मिळून ते नोंदवायला हवे.