घोडा नाही म्हणतो तेव्हा

आमच्या धाटावात घोडे पुष्कळ. एमआयडीसी आहे ना! पण ते सगळे कारखान्यातल्या मोटरच्या पाटीवर. साडेसात, दहा, पंधरा असे आकड्यांत. बटण दाबलं की पळतात, बंद केलं की थांबतात. त्यांना स्वतःचं मत नसतं.

हाडामांसाच्या घोड्याशी आमची ओळख माथेरानपुरती. दस्तुरी नाक्यावर घासाघीस करायची, वर बसायचं, आणि लगाम घोडेवाल्याच्या हाती ठेवून सरदारासारखा फोटो काढायचा. त्यामुळे शेजाऱ्यांची बारा वर्षांची मुलगी पुण्याला मावशीकडे राहून घोडेस्वारी शिकली आणि मुलांच्या स्पर्धेत उतरणार असं कळलं, तेव्हा सगळी आळी कौतुकाने गोळा झाली.

स्पर्धेची तयारी म्हणजे उड्या, अशी माझी समजूत. पण पोरीचा निम्मा वेळ म्हणे खरारा करण्यात, खुरातले खडे काढण्यात आणि तंगाखाली कातडं सोललं नाही ना, हे बघण्यात जातो. “काका, वर बसायचं ते सगळ्यात शेवटी.”

अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत खांब पाडला की चार गुण दंड. घोडा खांबापुढे अडला, तरी पहिल्या वेळेला चार गुण दंडच. नियमांच्या पुस्तकात या अडण्याला चक्क ‘आज्ञाभंग’ म्हणतात.

इथे माझ्यातला बँकेचा कारकून जागा झाला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे आजूबाजूचं त्याला भरपूर दिसतं, पण नाकासमोरचं दिसत नाही. ऐन उडीच्या क्षणी खांब त्याच्या नजरेआड गेलेला असतो. तो झेपावतो ते पाठीवरच्या पोरीच्या भरवशावर. आमच्या भाषेत हे विनातारण कर्ज, आणि पणाला लावलेले स्वतःचे चार पाय! एखाद्या दिवशी त्याने अर्ज नामंजूर केला, तर तो आज्ञाभंग? आमच्या साहेबांनी हेच केलं, तर त्याला ‘सावध धोरण’ म्हणतात.

झेनोफॉन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. बळजबरीने करवून घेतलेलं घोड्याला समजतही नाही आणि शोभतही नाही, असं त्याचं मत. गृहस्थ लढाईतला होता, भूतदया मंडळाचा चिटणीस नव्हे.

मग घोड्याची संमती घ्यावी कशी? अंगठ्याऐवजी खूर उठवला, तर कोणतीही बँक तो मानणार नाही. त्याच्यापाशी शब्द एकच, थांबणं. तोही आपण चुकीच्या खाती टाकला, तर त्याचं ‘हो’ खरं कशावरून मानायचं? प्रत्येक नकार मान्य करावा असंही नाही. घोडाही आळस करत असेल; आम्ही सोमवारी करतोच की. पण नकाराचं कारण बघायला जो खाली उतरतो, त्यालाच पुन्हा वर बसायचा हक्क, एवढं मला कळतं.

हे सगळं मी मुलीच्या वडिलांना ऐकवलं. त्यांना पटलंसुद्धा. “अगदी बरोबर. घोड्याच्या मनाचा विचार झालाच पाहिजे,” ते म्हणाले. मग मुलीकडे वळून, “आणि काय गं, पदक घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. समजलं?”

पोरगी चहाचे कप आत न्यायला निघाली होती. काही बोलली नाही. उंबऱ्याशी नुसती थांबली.