आपले दुखणे, इतरांचा हक्क

माणूस गेला की त्याच्याविषयी चांगले बोलावे, ही रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. मरहूम किती नेक होते, किती दानशूर होते, हे जनाजा उचलण्याआधीच सुरू होते. त्यात खोटे फारसे नसते. पण त्या बोलण्यात एक गोष्ट सहसा तपासली जात नाही. ज्याला आपण दान म्हणतो, सेवा म्हणतो, ती नेमकी कशातून आली? इतरांच्या दुःखाने कळवळून आली, की स्वतःच्याच दुखण्यावर उपाय शोधता शोधता वाटेत घडून गेली? आणि दुसऱ्या प्रकारची असेल तर तिचे मोल कमी होते काय?

या प्रश्नाचा विचार आम्ही फ्रँक श्नाबेल या माणसाच्या निमित्ताने करणार आहोत. दरवर्षी १७ एप्रिल हा दिवस जागतिक हिमोफिलिया दिन म्हणून पाळला जातो. सरकारी रुग्णालयात फलक लागतो, एखादे शिबिर होते, वर्तमानपत्रात चौकट येते. हा श्नाबेल यांचा जन्मदिवस, हे त्या चौकटीत बहुधा नसते. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ते व्यवसाय करीत. त्यांना स्वतःला हिमोफिलिया होता. १९५३ साली त्यांनी कॅनडात या रुग्णांची संस्था स्थापन केली आणि दहा वर्षांनी, २५ जून १९६३ रोजी, डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे मोजक्या देशांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवून जागतिक हिमोफिलिया महासंघ उभा केला. १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अधिकृत मान्यता दिली. १९८७ मध्ये श्नाबेल वारले. १९८९ पासून त्यांचा जन्मदिवस जगभर पाळला जाऊ लागला.

हा आजार काय आहे ते थोडक्यात सांगायला हवे. जखम झाली की रक्त गोठते, त्यासाठी रक्तात काही घटक लागतात. त्यातला आठवा किंवा नववा घटक जन्मतःच कमी असला की रक्त लवकर गोठत नाही. अशा माणसाचे रक्त इतरांपेक्षा वेगाने वाहते असे नाही, ते थांबत नाही. खरा छळ बाहेरच्या जखमेचा नसतोच. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात आतल्या आत रक्त साचते, सांधा सुजतो, रात्र रात्र मूल तळमळते आणि वारंवार असे झाले की सांधा कायमचा आखडतो. आठव्या घटकाचा आजार साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो, नवव्याचा त्याहून पुष्कळ विरळ.

हा विरळपणाच या रुग्णाचा मोठा शत्रू आहे. गावात ताप आला तर गाव जागा होतो. पाच हजारांत एक असलेल्या मुलासाठी कोण जागे होणार? डॉक्टरने असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसतो. औषध विकणाऱ्याला गिऱ्हाईक थोडे, पुढाऱ्याला मते थोडी. शेजाऱ्याला वाटते, पोर नाजूक आहे, आई लाडावते. अशा आजारात माणूस दुखण्याने जितका खचतो तितकाच एकटेपणानेही खचतो.

या आजाराची नोंद मात्र फार जुनी आहे आणि ती आपल्या परंपरेतली आहे, याचा विसर पडू नये. कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा या नगरीत जन्मलेले अबुल कासिम अल-जहरावी (९३६ ते १०१३) यांनी ‘किताबुत्तसरीफ’ हा तीस भागांचा वैद्यकग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एका गावातल्या पुरुषांची हकीकत दिली आहे. त्या गावात पुरुषाला जखम झाली की रक्त थांबत नसे आणि त्यातच तो मरे. या आजाराचे हे वैद्यकातले पहिल्या स्पष्ट वर्णनांपैकी एक मानले जाते. त्याहून जुना दाखला यहुदी धर्मशास्त्रात आहे. सुंता करताना रक्तस्रावाने दोन मुलगे दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये, असा निर्णय त्यांच्या पंडितांनी दिलेला आहे.

म्हणजे आजार ठाऊक होता, सावधगिरीही ठाऊक होती. तरीही सुमारे हजार वर्षे ही मुले एकेकटी मरत राहिली. जहरावींनी त्या गावाची नोंद केली, पण त्या गावातल्या माणसांना अशा दुसऱ्या गावातली माणसे कधी भेटली नाहीत. ज्ञान असणे आणि ते ज्याला हवे त्याच्यापर्यंत पोचणे, यांत फार मोठे अंतर असते. श्नाबेल यांनी औषध शोधले नाही. ते वैद्य नव्हते, शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी हे अंतर तोडायला घेतले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कर्माचे मोल नियत कशी आहे यावर ठरते, हे आपल्या घराघरांत मुलांना शिकवले जाते. या मापाने कोणी म्हणेल, श्नाबेल यांना स्वतःलाच औषध हवे होते. स्वतःची विहीर खणताना शेजाऱ्याला पाणी मिळाले, त्यात परोपकार कसला?

आम्हाला हा आक्षेप वरवरचा वाटतो. समजा, विहीर स्वतःसाठी खणली. पाणी लागल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. कुंपण घालू शकतो किंवा वाट मोकळी ठेवू शकतो. नियत कुदळ मारताना दिसत नाही, ती पाणी लागल्यावर दिसते. १९५३ च्या संस्थेत स्वतःची गरज होती, हे मान्य. पण १९६३ चा महासंघ त्या गरजेत बसत नाही. परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या, कधी तोंडही न पाहिलेल्या मुलाला आठवा घटक मिळाला तर मॉन्ट्रियलच्या माणसाच्या गुडघ्यातला ठणका थांबत नाही. इथे स्वतःचे दुखणे कारण म्हणून उरत नाही, ओळख म्हणून उरते. हा ठणका काय असतो हे मला माहीत आहे, म्हणून तुझे मी समजू शकतो, इतकेच.

आम्ही याच्याही पुढे जाऊ. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्यांत कधीही उपाशी न राहिलेला श्रीमंत असतो आणि काल उपाशी राहिलेला गरीबही असतो. पहिला देतो तेव्हा त्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. दुसरा देतो तेव्हा दोघे एकाच चटईवर बसलेले असतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. रुग्णांनी रुग्णांसाठी चालवलेल्या संस्थेचे खरे वैशिष्ट्य हे आहे. तिथे मदत ही खैरात राहत नाही, तो हक्क होतो. जकातीबाबतही आपल्याला हेच शिकवलेले आहे की देणाऱ्याच्या मालात घेणाऱ्याचा वाटा आधीच असतो. हे आपण पाठ म्हणतो. व्यवहारात मात्र रमजानमध्ये साड्यांचे गठ्ठे वाटताना रांगा लावतो, फोटो काढतो.

सब्र या शब्दाचीही इथे फेरतपासणी करावी लागते. बऱ्या न होणाऱ्या आजाराच्या घरात हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येतो. भेटायला आलेला प्रत्येक जण आईला सब्र करायला सांगून चहा पिऊन जातो. अल्लाहची मर्जी मान्य करणे आणि हात बांधून बसणे, या एकच गोष्टी आहेत असे कोणी सांगितले? आधी उंट बांधावा, मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला ठाऊक आहे. दुखणे सोसणे हा सब्र आहे. त्याच दुखण्याने पत्रे लिहिणे, माणसे जोडणे, सरकारी दारात पुन्हा पुन्हा जाणे, तेही वर्षानुवर्षे, हा त्याहून कठीण सब्र आहे.

श्नाबेल यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग मात्र सरळ गौरवात बसत नाही आणि तो टाळला तर ही आठवण अपुरी राहील. १९६४-६५ च्या सुमारास अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी गोठवलेल्या प्लाझ्मामधून आठवा घटक वेगळा करण्याची सोपी पद्धत दाखवली. पुढे सत्तरच्या दशकात कोरड्या भुकटीच्या रूपात औषध आले. घरच्या घरी सुई टोचून घेता येऊ लागली. अपंग होऊ घातलेली मुले शाळेत गेली. पण ही भुकटी हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनत असे. त्यातल्या एकाच्या रक्तात विषाणू असला तरी सगळा साठा दूषित होई. १९८२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलियाच्या रुग्णांत एड्सच्या पहिल्या केसेस नोंदल्या गेल्या. जून १९८३ मध्ये स्टॉकहोमला महासंघाचे अधिवेशन झाले. उपचारात बदल सुचवावा इतका पुरावा अद्याप नाही, अशी भूमिका तिथे घेतली गेली. औषध उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत रुळेपर्यंत अनेक देशांत हजारो रुग्णांना लागण झालेली होती. त्यात स्वतः श्नाबेल होते. १९८७ मध्ये ते गेले ते एड्सने. ज्या औषधासाठी आयुष्य घातले त्यातूनच मृत्यू आला.

मग अशा संस्थापकाला कसे आठवावे? नुसता शहीद म्हणून आठवले तर स्टॉकहोमची भूमिका झाकली जाते. ज्यांची मुले त्या काळात गेली त्यांच्यावर तो अन्याय होईल. आणि नुसते दोषी ठरवले तर त्याआधीची तीस वर्षे पुसली जातात. आम्हाला वाटते, दोन्ही सोबत सांगावे. त्यांच्या संस्थेचा निर्णय चुकला. तो चुकला तेव्हा पुढची वाट कोणालाच स्पष्ट दिसत नव्हती, आणि औषध थांबवले तर रक्तस्रावाने मरण्याची भीतीही खरी होती. शिवाय जो धोका इतरांनी पत्करला तोच त्यांनीही पत्करला. याने चूक बरोबर ठरत नाही. पण दुसऱ्याच्या जिवावर निर्णय घेणारा आणि आपलाही जीव त्याच तराजूत ठेवणारा, यांत फरक करावाच लागतो.

हिशेब मागण्याचे काम पुढे याच रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी केले. कॅनडात न्यायमूर्ती क्रेव्हर यांच्या आयोगाने १९९७ मध्ये अहवाल दिला. १९९८ मध्ये तिथला रक्तपुरवठा नव्या संस्थांकडे गेला. ब्रिटनमधील चौकशीचा अंतिम अहवाल तर मे २०२४ मध्ये आला. एकटा रुग्ण इतकी वर्षे झगडू शकला नसता. संघटना चुकू शकते, पण त्या चुकीचा जाब विचारायलाही संघटित माणसेच लागतात.

आपल्या देशात हे काम १९८३ साली दिल्लीत सुरू झाले. स्वतः हिमोफिलिया असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी हिमोफिलिया फेडरेशन स्थापन केली. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात जी २१ अपंगत्वे मोजली आहेत त्यांत हिमोफिलिया आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवरील जनुकीय उपचाराचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. वाट पुढे सरकते आहे.

पण आपल्या मोहल्ल्यात ती कुठवर आली आहे? आपल्या घरांत हा आजार पुष्कळदा खतन्याच्या दिवशी कळतो. दावत असते, हार असतात आणि पोराचे रक्त थांबत नाही. कोकणातले शाफई खतना वाजिब मानतात, देशावरचे हनफी सुन्नत मानतात. पण जिवाला धोका असेल तर तो लांबवावा, यावर दोघांचेही उलेमा एकमत आहेत. रक्तविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, आधी घटक देऊन, रुग्णालयात तो सुरक्षितपणे करताही येतो. खतन्याआधी एकच विचारायचे असते. मुलाच्या आईच्या माहेरी, मामांत, मावसभावांत कोणाचे रक्त थांबत नव्हते काय?

हा प्रश्न विचारताना जीभ मात्र सांभाळावी. दोष आईकडून येतो एवढे अर्धवट ऐकून कित्येक सुनांना ‘तुझ्या माहेरचे रक्तच खराब’ असे ऐकवले जाते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी असते, न होण्याचीही निम्मीच. तिथे तिचे काही चालत नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर पूर्वी कोणालाच आजार नसतो. नात्यातल्या लग्नामुळे तो होतो ही समजूतही हिमोफिलियाला लागू नाही. रक्ताचे दुसरे काही विरळ आजार तसे होतात, हा मात्र वेगळा.

एखाद्याचे नाव लोक विसरले आणि त्याचे काम चालू राहिले, तर त्याला आपल्याकडे सदका-ए-जारिया म्हणतात. श्नाबेल मुसलमान नव्हते. पण वाहत्या पाण्यातून तहानलेला पाणी पितो तेव्हा विहीर कोणी खणली हे तो विचारत नाही. हा शब्द त्यांच्या कामाला लावताना आम्हाला संकोच वाटत नाही. त्यांची आठवण ठेवायची असेल तर फलकाची गरज नाही. तपासून घेतलेले रक्त द्यावे. खतन्याआधी एक प्रश्न विचारावा. आणि आजारी लेकराच्या आईला सब्र करायला सांगण्याऐवजी, तिच्यासारखीच दुसरी आई कुठल्या गल्लीत राहते, तो पत्ता शोधून द्यावा.