आधी वाचावं, मग पाहावं



सिंगापूरच्या पाया लेबार मेट्रो स्टेशनात सकाळी दोन मार्गांवरची गर्दी एकत्र येते. हातात फोन, पायांत घाई. त्या गर्दीत आपली मराठी माणसंही असतात. सुट्टीचे बेत तिथंच, उभ्याउभ्या ठरतात. गणपतीपुळ्याचं दर्शन, समुद्र, आंब्याची पेटी.

गणपतीपुळ्याला लागूनच मालगुंड आहे. कवी केशवसुतांचं जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेनं तिथं त्यांचं स्मारक उभारलं, राहतं घर जपलं. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. कवीच्या दारी कवीच आला, हे किती छान!

घर साधंच आहे. कोकणातल्या कुठल्याही शिक्षकाचं असावं तसं. वडील शिक्षक, पुढे केशवसुतही शिक्षकच. आवारात शिळांवर कोरलेल्या कविता आहेत. पुष्कळजण त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. कविता मात्र पाठीमागंच राहते.

म्हणून म्हणते, आधी वाचावं, मग पाहावं. न वाचता गेलो, तर दिसतात नुसत्या भिंती. वाचून गेलो, तर त्याच भिंती बोलू लागतात. माणसांचंही असंच नाही का? कुणाच्या घरी जाताना आपण त्याचं काही ऐकून, समजून जातो का? की नुसती हजेरी लावून येतो? आदर पायांनी पोचत नाही. त्याला थोडी तयारी लागते. आधी वाचावं, मग पाहावं.

तेव्हा मंडळी, यंदा तिकीट काढाल, त्याच दिवशी मुलांना जवळ घ्या आणि केशवसुतांची ‘तुतारी’ मोठ्यानं वाचून दाखवा.