पंचनामा कोणी करायचा?

मरताना माणूस खोटं बोलत नाही, असं आपण मानतो. कोर्टसुद्धा मृत्युपूर्व जबानीला मान देतं. (जिवंतपणी खरं बोलण्याचा मात्र कुणाचा फारसा आग्रह नसतो.) लिनक्सवाल्यांना हे मंजूर नाही. ज्याचं डोकं फिरल्यामुळे यंत्र कोसळलं, त्याच्याच हातात पेन कसं द्यायचं, असा त्यांचा सवाल. म्हणून २००५ साली 'केडम्प' नावाची सोय आली. यंत्र धडधाकट असतानाच मेमरीचा एक कोपरा राखायचा आणि तिथे दुसरा कर्नल आणून निजवायचा. कर्नल म्हणजे पलटणीतला नव्हे, यंत्राचा मुख्य कारभारी. पहिला कोसळला की दुसऱ्यानं उठायचं, मयताच्या सामानाला धक्का न लावता पंचनामा करायचा आणि तो डिस्कवर ठेवायचा.

माझा भाचा पुण्यात एआरएम जातीचे मोठे सर्व्हर सांभाळतो. या जातीच्या ६४ बिटी यंत्रांना ही सोय मिळाली २०१७ साली, पण घोडं अडलं जागेपाशी. अगदी आपल्या चाळीसारखं! काही उपकरणांना ३२ बिटांपुरताच पत्ता कळतो. ४ जीबीच्या वरचा जिना त्यांना चढवत नाही. म्हणून पंचाची खोली तळमजल्यावरच शोधायची, आणि तिथे सलग जागा नसली की नेमणूकच रद्द. यंत्र आपलं चालूच! पंच नाही हे कळायचं ते मयत झाल्यावर. २०२२ साली तोडगा निघाला: वर ऐसपैस खोली, आणि जिना न चढणाऱ्यांसाठी खाली एक कोपरा.

एवढं करून पंच खरोखर उठतो का, हे पाहायचं तर चालतं यंत्र मुद्दाम पाडावं लागतं. ठरावीक फाइलीत 'सी' हे एक अक्षर लिहिलं की कारभार आटोपला. निरोगी जिवाला असं मारावं का?

भाच्याचे साहेब म्हणतात, "चालत्या यंत्राला हात लावू नकोस. पडलंच तर पुन्हा सुरू कर." राखीव कोपराही त्यांना फुकट अडवलेली जागा वाटते. मला विचाराल तर साहेबांचं साफ चुकतं. पुन्हा सुरू केलं की जुनी मेमरी जाते, पुरावा जातो. दोष तेवढा राहतो. आणि दोषाला पाण्यासारखी उताराकडे जायची खोड. कुठल्याही हपिसात बघा, तो घरंगळत रात्रपाळीच्या सर्वांत ज्युनिअर पोरापाशी येऊन थांबतो. "यानंच काहीतरी दाबलं असणार!" त्या पोराची नोकरी त्या कोपऱ्यावर टिकून असते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

भाच्यानं रविवारी पहाटे दोनची वेळ मागितली आहे. साहेबांनी परवानगी दिली, पण आधी लेखी द्या म्हणाले, यंत्र पडलं तर जबाबदार कोण?