दिवा कोणाचा, खडक कोणाचा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना दीपगृहाचं फार वेड. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली ते उदाहरण घेतलं आणि पुढे सॅम्युएल्सनपर्यंत अनेकांनी ते गिरवलं. पैसे भरणाऱ्या जहाजाला उजेड दाखवायचा आणि फुकट्याला नाही, असं काही करता येत नाही. म्हणून कुणी खासगी माणूस या फंदात पडणार नाही, दीपगृह सरकारनेच बांधावं, असा तो युक्तिवाद. १९७४ साली रोनाल्ड कोसने जुनी दप्तरं उपसून दाखवलं, की इंग्लंडच्या किनाऱ्यावर खासगी लोकांनी दीपगृहं चालवली होती आणि बंदरात जहाजांकडून त्याचे पैसेही घेतले होते. हा वाद अजून चालू आहे. त्यात सिंगापूरचं नाव फारसं ऐकू येत नाही, याचं मला नवल वाटतं. कारण दिवा लावून माणसाला काय मिळतं, या प्रश्नाचं सगळ्यात अनपेक्षित उत्तर तिथे सापडतं.

सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी पेद्रा ब्रांका नावाचा ग्रॅनाइटचा खडक आहे. लांबी १३७ मीटर, सरासरी रुंदी ६० मीटर. म्हणजे लांबीला क्रिकेटच्या मैदानाएवढा आणि रुंदीला त्याच्या निम्मा. पक्ष्यांच्या विष्ठेने पांढरा पडलेला. सिंगापूर तिथून सुमारे ४४ किलोमीटर, तर मलेशियाचं जोहोर आणि इंडोनेशियाचं बिनतान दोन्ही १४ किलोमीटरच्या आसपास. चीनला जाणाऱ्या जहाजांची वाट याच्या अंगावरून जायची आणि रात्री तो दिसायचा नाही. पुढचं सांगायला नको.

जेम्स हॉर्सबर्ग या स्कॉटिश खलाशाचं जहाज १७८६ साली दिएगो गार्सियावर आपटलं. नकाशा चुकीचा होता. त्यानंतर या गृहस्थाने खोली, प्रवाह, वारे टिपून ठेवण्याचा ध्यासच घेतला. मुंबई, कलकत्ता आणि चीन यांच्यामध्ये जहाज हाकता हाकता त्याने पूर्वेकडच्या समुद्राची जी माहितीपुस्तकं तयार केली, ती पुढे कप्तानांच्या हाताशी असायची. १८३६ साली तो वारला, तेव्हा चीनच्या कँटन बंदरातल्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, की याचं स्मारक दीपगृहाच्या रूपात व्हावं. पुतळ्यापेक्षा हे शहाणपणाचं, यात शंका नाही.

वर्गणी जमली. पण कँटनच्या त्या काळच्या व्यापारात पैसा कशाचा होता, हेही पाहायला हवं. माळव्याची अफू आणि गुजरातचा कापूस. दोन्ही मोठ्या प्रमाणात मुंबईच्या धक्क्यावरून चढायचे. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच वाटेवरची आणि त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आपल्या ओळखीचं आहे. अफूच्या वाटेवर रुग्णालयही उभं राहतं आणि दीपगृहही. यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण जहाजाच्या पोटात अफू आहे की तांदूळ, हे दिवा विचारत नाही, आणि विचारायला लागला तर तो दिवा राहणार नाही.

वर्गणी अर्थातच पुरली नाही. मग ईस्ट इंडिया कंपनीला हात घालावा लागला. सिंगापूर तेव्हा कलकत्त्याच्या अखत्यारीत होतं, ते १८६७ पर्यंत. सरकारी सर्व्हेयर जॉन टर्नबुल टॉमसन याने पुलाऊ उबिन बेटावरचा ग्रॅनाइट चिनी पाथरवटांकडून घडवून घेतला आणि होड्यांनी खडकावर नेला. ईशान्य मोसमी वाऱ्यांत तिथे होडी लागत नाही, त्यामुळे कामाला वर्षातले मोजकेच महिने. २४ मे १८५० ला पायाचा दगड बसला आणि १८५१ च्या ऑक्टोबरात दिवा लागला. लगेच १८५२ साली जहाजांवर पट्टी बसवणारा कायदा आला. सिंगापूरची सगळी मिजास करमुक्त बंदराची, आणि तिथेच ही पट्टी! शिवाय बंदरात न थांबता सरळ पुढे निघून जाणाऱ्या जहाजाकडून ती वसूल कोण करणार? १९१२ साली पट्टी रद्द झाली आणि खर्च सरकारी तिजोरीवर गेला. आधी देणगी, मग कंपनी, मग पट्टी, मग तिजोरी. मिल आणि कोस, दोघांनाही थोडं थोडं खरं ठरवणारा हा प्रवास आहे.

दुसरं दीपगृह सामुद्रधुनीच्या पश्चिमेकडे, १८५५ चं. त्याला नाव मिळालं सिंगापूर वसवणाऱ्या रॅफल्सचं, पण बांधलं हिंदुस्थानातून पाठवलेल्या कैद्यांनी. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण १८५८ च्या आधी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर हीसुद्धा काळ्या पाण्याची ठिकाणं होती, आणि बंगाल, मद्रास, मुंबई अशा तिन्ही इलाख्यांतले कैदी तिकडे जात. त्यांत आपल्याकडचे कोण कोण असतील, याचा विचार रॅफल्सचं नाव वाचताना माझ्या मनात येतो.

आता त्या अनपेक्षित उत्तराकडे. १९७९ च्या डिसेंबरात मलेशियाने पेद्रा ब्रांका आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला, सिंगापूरने हरकत घेतली, आणि प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. निकाल २३ मे २००८ चा. न्यायालयाने आधी मान्य केलं, की खडक मुळात जोहोरच्या सुलतानाचा. त्याला आधार होता ओरांग लाउत या दर्यावर राहणाऱ्या लोकांच्या सुलतानावरच्या निष्ठेचा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे वावरलेल्या लोकांची निष्ठा पुराव्याला आली खरी, पण पुरली नाही. १९५३ साली सिंगापूरने जोहोरला या खडकाविषयी विचारलं होतं आणि जोहोरच्या प्रभारी सचिवाने कळवलं होतं, की आमचा मालकी हक्काचा दावा नाही. पुढे सिंगापूर तिथल्या जहाज-अपघातांची चौकशी करत राहिलं, झेंडा फडकवत राहिलं, मलेशियाच्या अधिकाऱ्यांनाही परवानगी घ्यायला लावत राहिलं. मलेशिया गप्प राहिला. बारा विरुद्ध चार मतांनी खडक सिंगापूरला गेला. त्याच्या दक्षिणेला जेमतेम एक किलोमीटरवरचे मिडल रॉक्स मात्र मलेशियाचे ठरले. तिथे आता मलेशियाचा नाविक तळ आहे.

नुसता दिवा सांभाळल्याने जमीन आपली होत नाही, हे याच समुद्रात पुलाऊ पिसांगवर दिसतं. बेट जोहोरचं, दीपगृह सिंगापूर चालवतं, कारण १९०० साली सुलतानाशी रीतसर करार झाला. १९६८ मध्ये मलेशियाने तिथल्या सिंगापूरच्या झेंड्याला हरकत घेतली आणि सिंगापूरने तो उतरवला. पेद्रा ब्रांकावरच्या झेंड्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. न्यायालयाने हा फरक टिपून ठेवला. दीपगृहाला आपण निःस्वार्थीपणाचं प्रतीक करून ठेवलं आहे, आणि ते मला पटत नाही. ज्या दिव्यापाठोपाठ चौकशा, परवानग्या आणि झेंडा येतो, तो वहिवाटही साठवत असतो. आपल्याकडे बांधावरून भाऊबंदांचे दावे लागतात, त्यांच्याइतकंच हे जुनं आणि मानवी आहे. त्यामुळे सिंगापूरला मी लबाड म्हणणार नाही. शंभराहून अधिक वर्षं वात पेटती ठेवणं हे कामच आहे, आणि कागद न करण्याचा आळस दोन्ही बाजूंचा.

अर्थात एक कागद झाला होता. सिंगापूरचा गव्हर्नर बटरवर्थ याने दीपगृहासाठी जागा मागितली आणि नोव्हेंबर १८४४ मध्ये जोहोरच्या सुलतानाने आणि तेमेंगगोंग या तिथल्या बड्या सरदाराने आनंदाने होकार कळवला. होकाराची ती पत्रं आहेत, पण त्यांत या खडकाचं नाव नाही. नेमकी कुठली जागा मागितली होती, हे बटरवर्थच्या पत्रावरून कळलं असतं. ते पत्र मात्र दोन्ही देशांच्या वकिलांना कुठल्याच दप्तरात मिळालं नाही.